हिरवळीवरचे लग्न आणि कॅमेऱ्याचा डोळा

आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. सारी आळी त्यांना माई म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीचे लग्न इंग्लंडात झाले. मुलगी तिकडेच वाढलेली, मुलगाही तिकडचाच. लग्न झाले ते शहरात नव्हे, तर गावापासून दूर असलेल्या एका जुन्या दगडी वाड्याच्या हिरवळीवर. माई वयाच्या ऐंशीव्या वर्षी विमानात बसून गेल्या आणि सुखरूप परत आल्या. काही दिवसांनी लग्नाचे फोटो आले. ते एकदोन नव्हते, चांगले आठशे होते. नातवाने संगणकावर ते एकामागून एक दाखविले. त्या वेळी आम्हीही तेथे बसलो होतो.

फोटो सुंदर होते यात शंका नाही. कोणी हसत होते, कोणी गवतावर पाय पसरून बसले होते, एक लहान मुलगा टेबलाखाली झोपला होता. कॅमेऱ्याकडे मात्र कोणीच पाहत नव्हते. तासाभराने माईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, ‘‘अरे, हे सगळं छान आहे, पण सगळी माणसं एकत्र उभी आहेत असा एक तरी फोटो दाखव की.’’ नातू म्हणाला, ‘‘आजी, आता तिकडे तशी पद्धत नाही. उभं करून काढलेला फोटो खोटा वाटतो.’’ माई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या खोलीत भिंतीवर त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो आहे. पुढे खुर्च्यांवर वडीलधारी, मागे दोन रांगा, सतरंजीवर मुले आणि मध्यभागी हार घातलेली, मान खाली केलेली माई. तो फोटो खोटा आहे असे त्यांना आजवर कधी वाटले नव्हते.

माईंचे बरोबर की नातवाचे, हा प्रश्न घरगुती दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो त्या हिरवळीपासूनच सुरू होतो. आज तो आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या वाड्याविषयी. इंग्लंडात ज्याला कंट्री हाउस म्हणतात ते नुसते गावाकडचे घर नव्हे. भोवतालची हजारो एकर जमीन, तिच्यावरील कुळे, त्यांचा खंड आणि त्यावर चालणारा एका घराण्याचा संसार, या सर्वांचे ते केंद्र असे. आपल्याकडील इनामदाराच्या वाड्याची आठवण व्हावी, अशीच ही संस्था होती. म्हणून आपण तिला वाडाच म्हणू. आता गंमत अशी, की या वाड्यांत लग्ने लागत नसत. लग्न लागावयाचे ते गावच्या चर्चमध्ये. वाड्याच्या वाट्याला यावयाची ती मेजवानी. शिवाय विधीची वेळ ठरलेली होती. सकाळी आठ ते दुपारी बारा एवढ्या अवधीतच लग्न लागले पाहिजे, असा दंडक होता. 1886 च्या कायद्याने ही मर्यादा दुपारी तीनपर्यंत वाढविली, 1934 मध्ये ती संध्याकाळी सहापर्यंत गेली आणि 2012 मध्ये कायद्यातील वेळेचे बंधनच उठले. इंग्रज मंडळी आजही लग्नाच्या जेवणाला ‘वेडिंग ब्रेकफास्ट’ म्हणजे लग्नाची न्याहारी म्हणतात. मग ते जेवण संध्याकाळी पाचला का असेना! दुपारच्या आत विधी आटोपण्याच्या जुन्या रीतीची छाया त्या शब्दावर आजही आहे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने या दंडकाचा अर्थ एवढाच, की विधी आटोपून मंडळी वाड्यावर परत येत तेव्हा आकाशात भरपूर उजेड असे. ज्या काळात सूर्याखेरीज दुसरा दिवा कॅमेऱ्याच्या उपयोगी पडत नव्हता, त्या काळात ही फार मोठी सोय होती.

आणि छायाचित्रणाची कला तरी इंग्लंडात जन्मली कोठे? अशाच एका वाड्यात. विल्टशर परगण्यात लेकॉक ॲबी नावाचे एक घर आहे. तेराव्या शतकात तेथे जोगिणींचा मठ होता. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा त्याचा वाडा झाला. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा या वाड्याचा धनी. 1832 मध्ये त्याचे लग्न झाले, आणि पुढल्या वर्षी नवी नवरी कॉन्स्टन्स हिला घेऊन तो इटलीच्या प्रवासास गेला. कोमो सरोवराच्या काठी बसून दोघेही चित्रे काढू लागली. तिचा हात बरा होता, याचा मुळीच चालेना. प्रिझमच्या साह्याने समोरचे दृश्य कागदावर भासविणारे कॅमेरा ल्युसिडा नावाचे एक उपकरण त्याने जवळ ठेवले होते. तरीही रेषा वेडीवाकडीच उमटे. तेव्हा त्याच्या मनात विचार आला, की ही प्रतिमा आपल्या हातावाचून आपोआप कागदावर उमटून तेथेच राहिली तर किती बहार होईल! पुढे ऑगस्ट 1835 मध्ये लेकॉकच्या एका जाळीदार खिडकीचे, टपाल तिकिटाएवढे, उलट्या छायाप्रकाशाचे चित्र त्याने कागदावर मिळविले. छायाचित्राची जी ऋणप्रत आपण म्हणतो, तिचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नमुना तो हाच. त्यासाठी त्याने लहान लहान लाकडी पेट्या करून वाड्याभोवती ठेवल्या होत्या. कॉन्स्टन्स त्यांना उंदरांचे सापळे म्हणे.

लग्नानंतरच्या प्रवासात सुचलेली आणि वाड्याच्या खिडकीत सिद्ध झालेली ही विद्या पुढे पुन्हा लग्नाच्या आणि वाड्याच्याच सेवेला लागावी, यात मोठे औचित्य आहे. मात्र ती सेवा सुरुवातीला फार कष्टाची होती. व्हिक्टोरिया राणीचे लग्न 10 फेब्रुवारी 1840 रोजी झाले. छायाचित्रणाची वार्ता जगाला कळून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्या लग्नाचे एकही छायाचित्र नाही. राणी आणि राजपुत्र आल्बर्ट यांचे लग्नातले म्हणून जे छायाचित्र पुष्कळदा दाखविले जाते, ते चौदा वर्षांनंतरचे, 1854 मधले, रॉजर फेंटन याने काढलेले आहे. त्या वेळी राणीला आठ मुले झाली होती! अंगावर दरबारी पोशाख आहे एवढ्यावरून लोक त्याला लग्नाचे चित्र समजतात.

राजघराण्यातील पुढल्या मोठ्या लग्नाची गोष्ट मात्र आपण नीट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण आजच्या विषयाचे मर्म तीत आहे. 25 जानेवारी 1858 रोजी राणीची थोरली मुलगी प्रशियाच्या राजपुत्राला दिली गेली. मुलीचे वय सतरा. लग्न लागताच ती परदेशी जावयाची होती. विधीला निघण्यापूर्वी आई, वडील आणि नवरी अशा तिघांचे चित्र घेण्याचे ठरले. ते डागेरोटाइप पद्धतीने, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर घेतले गेले. या पद्धतीत काही क्षण अगदी निश्चल राहावे लागे. वडील स्थिर उभे राहिले, मुलगी स्थिर राहिली. आईला ते साधले नाही. राणी इतकी थरथरत होती, की पत्र्यावर तिचा चेहरा पुसटच उमटला. स्वतः राणीनेच आपल्या रोजनिशीत ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. छायाचित्रणाच्या नियमाने पाहिले तर ते चित्र फसलेले. पण त्या सकाळी त्या दालनात खरोखर काय चालले होते, हे सांगणारी त्या चित्रातील एकमेव जागा म्हणजे तो पुसट चेहरा. राज्ञीपद स्थिर उभे राहू शकत होते. आईपणाला ते जमले नाही.

यावरून एक गोष्ट दिसून येईल. जुन्या छायाचित्रांतील माणसे ताठ आणि गंभीर दिसतात, ती काही हसणे ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. रसायन मंद होते, भिंग मंद होते, आणि हलले की चेहरा जाई. स्टुडिओत तर मानेमागे लोखंडी आधार लावून डोके जखडून ठेवीत. अशा स्थितीत ओठांवर हसू किती वेळ टिकणार?

तथापि, याच काळात एका स्त्रीने वेगळी वाट काढली. वेल्समधील स्वान्झीजवळ पेन्लेरगेर नावाचा वाडा होता. तेथील धनी जॉन डिल्विन लुएलिन हा स्वतः छायाचित्रणाचा नादी, आणि त्याची पत्नी टॅल्बटची मावसबहीण. त्याची धाकटी बहीण मेरी डिल्विन हिने साधारण 1850 च्या सुमारास एक लहान कॅमेरा हाताशी धरला. कॅमेरा लहान म्हणजे चित्र लहान. पण त्यामुळेच प्रकाश अधिक लवकर काम करी, आणि समोरच्या माणसाला फार वेळ ताटकळावे लागत नसे. तिने घरची मुले, बाहुल्या, फुले, बर्फाचा केलेला माणूस अशी चित्रे घेतली. एका चित्रात तिचा भाचा बाजूला काहीतरी पाहून किंचित हसतो आहे. छायाचित्रात उमटलेल्या अगदी पहिल्या हास्यांपैकी ते एक मानले जाते. आज ज्या निवांत, घरगुती छायाचित्राचे कौतुक चालते, त्याचे बी एका वाड्याच्या अंगणात एका अविवाहित आत्याने असे रुजविले होते. पुढे 1857 मध्ये मेरीचे एका धर्मोपदेशकाशी लग्न झाले, आणि तिचे छायाचित्रण तेथेच थांबले असे अभ्यासक सांगतात. लग्नाने एका छायाचित्रकाराचा कॅमेरा खाली ठेवविला. लग्नाच्या छायाचित्रांच्या इतिहासात या गोष्टीचीही नोंद असावयास हवी.

मेरीची वाट त्या वेळी हमरस्ता झाली नाही. 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनची रीत प्रसिद्ध केली. काचेवर चिकट द्रव पसरावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि ओला असतानाच ते धुवावयाचे. सारा खेळ दहापंधरा मिनिटांचा. म्हणून वाड्यावर बोलावलेला छायाचित्रकार आपल्याबरोबर अंधाराची राहुटी, बाटल्या, काचा आणि पाण्याची भांडी घेऊन येई. दिवसाकाठी फार चित्रे होणे शक्य नव्हते. तेव्हा जे एक चित्र घ्यावयाचे त्यात सगळे आलेच पाहिजेत, हे ओघाने आले. मग वाड्याच्या दर्शनी पायऱ्या कामी येत. पायऱ्यांवर तीन रांगा आपोआप एकावर एक चढतात, कोणाचा चेहरा झाकला जात नाही, आणि मागे वाडा दिसतो तो वेगळाच. ही रसायने निळ्या प्रकाशाला उतावीळ आणि तांबड्याला आंधळी होती. त्यामुळे आकाश कोरे पांढरे येई आणि तांबडी फुले काळी ठिक्कर. नवरीचा पांढरा पोशाख आणि नवऱ्याचा काळा कोट ही जोडी तर छायाचित्रकाराची कसोटीच पाहणारी. एक सांभाळावा तर दुसरा जातो. ही अडचण आजही पुरती गेलेली नाही.

पण समूहचित्र हे केवळ अडचणीतून जन्मले असे म्हणणे अपुरे होईल. ते एक प्रकारचे साक्षीपत्रही होते. कोण कोणाजवळ उभे, कोण बसलेले, कोण मध्ये, कोण कडेला, यावरून घराण्याची सारी रचना वाचता येई. 1863 मध्ये युवराज एडवर्डचे लग्न झाले तेव्हा आल्बर्टला जाऊन दीड वर्षही लोटले नव्हते. त्या प्रसंगी मेयॉल याने घेतलेल्या चित्रात वधूवर उभे आहेत आणि राणी काळ्या वस्त्रांत बसून पतीच्या संगमरवरी पुतळ्याकडे पाहते आहे. जो मनुष्य हयात नाही त्यालाही लग्नाच्या चित्रात जागा द्यावयाची, ही गोष्ट मांडणीवाचून झाली नसती. वेल्समधील एर्डिग या वाड्याच्या यॉर्क घराण्याने तर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नोकरचाकरांची चित्रे काढवून घेतली. आधी रंगांत, पुढे कॅमेऱ्याने. बहुतेक वाड्यांच्या लग्नचित्रांत ज्यांनी स्वयंपाक केला, घोडे धुतले, चांदी घासली, त्यांचा पत्ता नसतो. एर्डिगमध्ये ती माणसे आपापली हत्यारे हाती घेऊन उभी आहेत. कोणीतरी त्यांना बोलावून मुद्दाम उभे केले, म्हणूनच आज ती दिसतात. कॅमेऱ्याकडे पाहणे म्हणजे खोटेपणा, असे म्हणणाराने ही चित्रे एकदा पाहावीत.

आपल्याकडेही ही कला लवकरच आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातील क्रियाशील छायाचित्रकारांपैकी होते. पुढे स्टुडिओ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आणि माईंच्या भिंतीवर आहे तसला फोटो घरोघर लागला. इंग्रजांच्या पायऱ्यांच्या जागी आपण खुर्च्या आणि सतरंजी आणली. रचना मात्र तीच राहिली. पुढच्या खुर्चीवर कोणी बसावयाचे, यावरून आपल्या मांडवात किती रुसवेफुगवे झाले असतील ते श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको.

आता एक कोडे पाहा. माणसांना ताठ उभे करण्याचे कारण जर मंद रसायन होते, तर ते कारण गेल्यावर ताठपणाही जावयास हवा होता. 1871 मध्ये मॅडॉक्स याने कोरड्या काचेची रीत सुचविली, आणि दहा वर्षांच्या आत तिचा सर्रास प्रसार झाला. 1888 मध्ये कोडॅक आला, 1900 मध्ये ब्राउनी नावाचा पोरांच्या हाती देण्याजोगा स्वस्त कॅमेरा आला, 1925 मध्ये कोटाच्या खिशात मावणारा लायका बाजारात आला. क्षणाच्या शतांशात चित्र घेणे आता शक्य होते. तरीही लग्नाचा फोटो पुढे कितीतरी वर्षे ताठच राहिला. असे का व्हावे?

आमच्या मते याची कारणे रसायनात नव्हती, समाजात होती. पहिले कारण खर्चाचे. मोठ्या कॅमेऱ्याच्या एका गुंडाळीवर बारा चित्रे बसत. प्रत्येक चित्राला पैसा पडे, म्हणून छायाचित्रकार यादी करून मोजकी चित्रे घेई. दुसरे कारण मानाचे. छायाचित्रकार हा वाड्याच्या दृष्टीने एक कारागीर होता. त्याने बोलावल्या वेळी यावे, पायऱ्यांसमोर तिवई मांडावी आणि काम होताच निघून जावे. जेवणाच्या दालनात, नवरीच्या खोलीत त्याला कोण शिरू देणार? तिसरे आणि मुख्य कारण असे, की वाड्यातील जीवनच शिस्तीवर उभे होते. जेथे प्रत्येकाची जागा ठरलेली, तेथे फोटोतली जागाही ठरलेलीच असणार. निवांत छायाचित्र येण्यापूर्वी निवांत वाडा यावा लागला. आणि तो आला तो वाड्याच्या पडझडीतून.

1894 मध्ये इंग्लंडात मालमत्तेवर नवा वारसा कर बसला. सुरुवातीला त्याचा सर्वांत वरचा दर शेकडा 8 होता. 1949 पर्यंत तो शेकडा 80 वर गेला. शेतीचे उत्पन्न आधीच घटले होते. दोन महायुद्धांत वारस पडले, नोकर गेले ते परतले नाहीत, वाड्यांत इस्पितळे आणि पलटणी राहून गेल्या. छपरे गळू लागली. धनी लोकांनी वाडे विकले, पाडले, किंवा 1895 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केले. टॅल्बटचे लेकॉक 1944 मध्ये ट्रस्टकडे गेले. मेरी डिल्विनच्या भावाचे पेन्लेरगेर 1961 मध्ये जमीनदोस्त झाले. त्या हसऱ्या पोराचे घर आज नाही, त्याचे हसू आहे. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने नष्ट झालेल्या वाड्यांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा शंभर वर्षांत असे हजाराहून अधिक वाडे गेल्याचे लोकांना दिसले आणि देश हळहळला.

या पडझडीतून एक विलक्षण मनुष्य पुढे आला. पॅट्रिक, लिचफील्डचा पाचवा अर्ल. 1960 मध्ये आजोबा वारले. स्टॅफर्डशर परगण्यातील शगबरो हा घराण्याचा वाडा कराच्या फेडीपोटी ट्रस्टकडे गेला, आणि अर्ल महाशय त्याच्या एका भागात राहू लागले. पोटापाण्याचा धंदा म्हणून त्यांनी निवडले छायाचित्रण! ज्यांच्या पूर्वजांनी छायाचित्रकाराला पायऱ्यांच्या खाली उभे केले असते, त्या घरातला मनुष्य आता तिवईच्या मागे उभा होता. 29 जुलै 1981 रोजी युवराज चार्ल्स आणि डायाना यांच्या लग्नाची चित्रे राजवाड्यात त्यांनीच घेतली. एवढ्या राजेरजवाड्यांना आवरण्यासाठी त्यांनी खेळातील पंचाची शिट्टी बरोबर नेली होती. औपचारिक चित्रे त्यांनी चोख घेतली. पण ती आटोपल्यावर दमलेली मंडळी सैलावून हसू लागली, तेव्हाही त्यांचा कॅमेरा मिटला नव्हता. आतल्या गोटातला मनुष्य कॅमेरा घेऊन उभा असला म्हणजे काय साधते, हे त्या चित्रांवरून जगाला कळले.

यानंतरची मोठी घटना कायद्याची. इंग्लंड आणि वेल्समध्ये बिनधार्मिक लग्न लावावयाचे तर 1837 पासून सरकारी नोंदणी कचेरीत जावे लागे. गाइल्स ब्रँड्रेथ या लोकसभा सभासदाने मांडलेल्या 1994 च्या विवाह कायद्याने, मान्यता मिळविलेल्या इतर इमारतींतही असा विवाह लावण्याची मुभा मिळाली. 1995 पासून तो अमलात आला. पडू घातलेल्या वाड्यांना हा जणू टेकूच मिळाला. छपराच्या डागडुजीला पैसा हवा होता, आणि तरुण जोडप्यांना कचेरीपेक्षा देखणी जागा हवी होती. ज्या पायऱ्या पूर्वी केवळ एका घराण्याच्या होत्या, त्या आता शिक्षकाच्या, परिचारिकेच्या, दुकानदाराच्या मुलीला एका दिवसापुरत्या भाड्याने मिळू लागल्या. तरी एक अट उरलीच होती. विधी छपराखालीच झाला पाहिजे. महासाथीच्या काळात, 1 जुलै 2021 पासून, ती अट सैल झाली, आणि 2022 मध्ये ही सवलत कायम करण्यात आली. माईंच्या नातीचे लग्न हिरवळीवर लागले ते या बदलामुळे. चार वर्षे आधी ते तसे लागले नसते.

कायद्याची आणखी एक मौज सांगावीशी वाटते. वधूवर नोंदवहीत सही करीत आहेत असे चित्र इंग्रजी आल्बममध्ये हटकून असे. परंतु खऱ्या नोंदवहीचे चित्र घेऊ देण्यास निबंधक सहसा राजी नसत. म्हणून सह्या झाल्यावर दुसरीच एखादी वही पुढे ठेवून, लेखणी हातात देऊन, ते चित्र घेत. म्हणजे सही खरी, लग्न खरे, चित्र मात्र नाटकी! 2021 मध्ये नोंदणीची रीतच पालटली आणि ती जुनी वही गेली. चित्र मात्र अजून काढतात.

आता नातवाच्या म्हणण्याकडे वळू. हे निवांत चित्र आपोआप होते काय? जे छायाचित्रकार या कामात मुरले आहेत त्यांची रीत पाहिली म्हणजे नेमके उलट दिसते. ते आदल्या दिवशी किंवा पहाटे वाड्याला फेरी मारतात. कोणत्या खोलीच्या खिडकीतून सकाळचा मऊ उजेड येतो ते पाहून नवरीची वेणीफणी तेथे करावी असे सुचवितात. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून मंडळींना झाडाच्या किंवा वाड्याच्या सावलीकडे वळवितात. पांढऱ्या कापडाचा मोठा तंबू असला तर त्यातून गाळून येणारा उजेड त्यांना वरदान वाटतो. दोन कॅमेरे खांद्याला असतात. एक रुंद दृश्याचा, जवळ जाऊन घ्यावयाचा. दुसरा लांब भिंगाचा, दूर उभे राहून चेहरा टिपावयाचा. आजच्या कॅमेऱ्यांत शटरचा आवाजही बंद करता येतो. विधी चालू असता दिव्याचा लखलखाट करू नये, असा निबंधकांचा बहुधा आग्रह असतो, आणि अंधुक दालनातही काम करणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांना त्याची गरजही उरलेली नाही. पाऊस तर इंग्लंडच्या पाचवीलाच पुजलेला. म्हणून छत्र्यांचा जुडगा गाडीत असतोच. पहिला तासभर हा मनुष्य नुसता हिंडतो, बोलतो, चहा घेतो. लोकांनी त्याला विसरावे म्हणून! लोक विसरले की त्याचे खरे काम सुरू होते. सारांश, निवांतपणा दिसतो तो पाहुण्यांचा. छायाचित्रकाराला तो दहाबारा तासांच्या उभ्या कामाने मिळवावा लागतो. लोखंडी आधार गेला, पण मेहनत गेली नाही. ती पाहुण्यांच्या मानेवरून छायाचित्रकाराच्या पायांवर आली, एवढेच.

आणि हेच लोक आणखी एक गोष्ट सांगतात. दिवसातून वीसपंचवीस मिनिटे समूहचित्रांसाठी राखून ठेवा. नावांची यादी आधी करा, आणि साऱ्या नातेवाइकांना ओळखणारा एखादा खणखणीत आवाजाचा काका हाका मारण्यासाठी नेमा. कारण त्यांना अनुभवाने ठाऊक असते, की दहा वर्षांनी आल्बम उघडला म्हणजे गवतावरील हास्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वेळ, माणूस त्या रांगांवर बोट फिरवीत बसतो. हे आता नाहीत, हे आता नाहीत, असे म्हणत.

म्हणून माई आणि नातू यांच्या वादात आम्ही एकाच बाजूला कौल देऊ शकत नाही. मांडलेले चित्र सांगते ते कुटुंबाला काय व्हावयाचे होते. न मांडलेले सांगते ते कुटुंब काय होते. दोन्ही खरे आहे. खोटे असेल तर ते एवढेच, की एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी. सारे आयुष्य रांगेत उभे राहिलेले नसते हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की सारी माणसे एकत्र उभी राहण्याचा योग आयुष्यात फार थोड्या वेळा येतो. तो आला असता त्याची साक्ष ठेवू नये, असे कोणत्या कलेने सांगावे?

या गोष्टीचा शेवट सांगून आम्ही रजा घेतो. काही दिवसांनी नातवाने पुन्हा शोध घेतला. समूहचित्र होते. छायाचित्रकाराने आपले काम केले होते. वाड्याच्या पायऱ्यांवर दोन्हीकडची मंडळी तीन रांगांत उभी होती, आणि सगळे समोर पाहत होते. नातवानेच ते चित्र बाजूला ठेवले होते. का, तर त्यात आजी कॅमेऱ्याकडे पाहत नाही! ती मान वळवून नातीकडे पाहते आहे, आणि पदराचे टोक डोळ्यांकडे चालले आहे. त्याच्या हिशेबी ते चित्र बिघडले होते.

आम्ही त्याला 1858 सालच्या त्या थरथरणाऱ्या आईची गोष्ट सांगितली. आता तो फोटो माईंच्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोशेजारी लागला आहे.